सव्वासहाची बस

"धायगुडे, तुमचा विषय इतिहास ना?"

प्राचार्य तोडकरांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्याच कॉलेजात सलग नऊ वर्षं इतिहास शिकवत होतो. पण तासिका तत्त्वावर शिकवत असल्यामुळे माझा विषय लक्षात ठेवण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. मी होय म्हणालो.

"मग बसा. पाच वर्षांचा इतिहास लिहायचाय. बारा दिवस आहेत."

त्यांच्या टेबलावर नव्या कोऱ्या वह्यांची चळत होती. सगळ्यात वरच्या वहीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थी तक्रार निवारण समिती'. या समितीचं नाव मी ऑफिसबाहेरच्या फलकावर वाचलेलं होतं. तिची बैठक कधी भरल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

"समितीत कोण कोण आहे सर?"

"मी अध्यक्ष, तुम्ही सचिव. पाच वर्षं झाली की तुम्हाला." तोडकर सर हसले नाहीत. ते अशा गोष्टी हसून सांगत नसत. "वर्षाला चार धरा. वीस बैठकांची इतिवृत्तं लिहायची. पेन बदलत राहा, दोन-तीन शाया वापरा. वही जरा उन्हात ठेवा, म्हणजे पानं पिवळी पडतात."

"तक्रारी शून्य, असं लिहू का?"

"तुम्ही नऊ वर्षं तासावर का राहिलात ते मला आत्ता कळलं," सर म्हणाले. "शून्य लिहिलं की मूल्यांकनाला येणाऱ्या समितीला वास येतो. तक्रारी पाहिजेत. बेताच्या पाहिजेत. आणि प्रत्येकीचं निवारण झालेलं पाहिजे."

मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "इतिहासाची एक पूर्णवेळ जागा मंजूर होतेय. आबासाहेबांना मी तुमचंच नाव सांगितलंय. अ श्रेणी येऊ द्या, पुढचं माझ्याकडे लागलं." आबासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माझं नाव त्यांना यापूर्वीही तीनदा सांगून झालेलं होतं. तरी मी वह्या उचलल्या. घरी दोन लहान मुली होत्या, आणि चौथ्यांदा तरी खरं होईल असं माणसाला वाटतंच.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली.

आमचं नाझरगावचं कॉलेज त्या काळात कात टाकत होतं. 'बदलत्या काळाची पावलं ओळखणारं' असं आमच्या माहितीपत्रकावरच छापलं होतं, तेव्हा शंकेला जागा नव्हती. काळाची पावलं ओळखून आम्ही दुपारची इमारत कॉम्प्युटरच्या आणि व्यवस्थापनाच्या स्वयंअर्थसहाय्यित वर्गांना दिली होती, आणि अकरा वाजता भरणारी कला शाखा सकाळी सात वीसला ढकलली होती. कला शाखेची पोरं शेतकऱ्यांची, ती पहाटे उठतातच, असा त्यामागचा शास्त्रीय विचार होता. ती उठत होती, यात वाद नाही. पण खेड्यांतून नाझरगावला येणारी पहिली एसटी दहाला पोचायची. या मुद्द्याचा विचार पुढच्या टप्प्यात करायचं ठरलं होतं.

आता मूल्यांकन समिती येणार म्हणून भिंतींना रंग लागला होता. नर्सरीवाल्याकडून तीन दिवसांच्या बोलीवर कुंड्या आणल्या होत्या. ग्रंथालयात मुलं वाचत बसलेली दिसावीत म्हणून कोणत्या वर्गानं कधी बसायचं याचं वेळापत्रक लावलं होतं. मला मात्र खऱ्या वाटतील अशा तक्रारी हव्या होत्या, आणि त्या सुचेनात. म्हणून मी जिन्याखालच्या तक्रारपेटीकडे गेलो. पेटीला कुलूप होतं. किल्ली आमच्या आधीच्या आधीच्या प्राचार्यांबरोबर निवृत्त झालेली असावी.

आमचे शिपाई गेनामामा पेचकस घेऊन आले. "सर, कशाला उघडताय?" ते म्हणाले. "बंद हाय तवर बरं हाय."

पेटीत गुटख्याच्या पुड्या निघाल्या, एका मास्तरांचं चित्र निघालं, बी.ए. भाग एकच्या कुणा सोनालीला लिहिलेली दोन पत्रं निघाली. आणि चार घड्या घातलेला फुलस्केप कागद निघाला. त्यावर अकरा सह्या होत्या. तारीख अडीच वर्षांपूर्वीची, ऑगस्टातली.

'आम्ही घेरेवाडीच्या विद्यार्थिनी अर्ज करतो की, कॉलेज सकाळी झाल्यापासून आमचे तीन तास बुडतात व एकच सापडतो. तरी कॉलेजची वेळ बदलावी. वेळ बदलत नसेल तर कॉलेजने डेपोला पत्र देऊन सकाळी बस चालू करावी. एकोणीस किलोमीटर चालत येणे होत नाही.'

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं.

मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. अकरा खऱ्या सह्यांची, खऱ्या तारखेची, जुनी झालेली अस्सल तक्रार मला मिळाली होती. इतिहासाच्या माणसाला अस्सल कागदाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मी बसल्या बैठकीला वही उघडली आणि लिहिलं: अर्ज वाचण्यात आला, त्यावर साधकबाधक चर्चा झाली, माननीय प्राचार्यांनी डेपो व्यवस्थापकांची समक्ष भेट घेतली, आणि १५ सप्टेंबरपासून घेरेवाडीहून सकाळी सव्वासहाला बस सुरू झाली. विद्यार्थिनींनी समाधान व्यक्त केलं. आभार मानून बैठक संपली.

बाकीच्या एकोणीस बैठकांत मी नळाला पाणी नसणं, पंखा बंद असणं असल्या किरकोळ तक्रारी घातल्या. त्यांत जीव नव्हता. सव्वासहाच्या बसवर मात्र मी मन लावून लिहिलं होतं, आणि तोडकर सरांनी ते बरोबर ओळखलं.

"हे फार चांगलं जमलंय," ते म्हणाले. "वहीत कशाला सडवायचं? ही आपली बेस्ट प्रॅक्टिस करू."

बेस्ट प्रॅक्टिस म्हणजे कॉलेजनं केलेलं एखादं आदर्श काम. त्याचं वेगळं प्रकरण अहवालात जातं आणि त्याला वेगळे गुण असतात. आमच्याकडे तोपर्यंत वृक्षारोपण होतं, ते दर वर्षी एकाच खड्ड्यात व्हायचं. त्याच्या जागी आता 'ज्ञानवाहिनी: सकाळची बस, मुलींचा विकास' आली. तिला फोटोही जोडला, शेजारच्या गावच्या यात्रेच्या बसचा.

"सर, एक अडचण आहे," मी म्हणालो. "या मुलींना आपण दर फेब्रुवारीत हजेरीमाफी देतो. पंचाहत्तर टक्के हजेरी नसली तरी परीक्षेचा फॉर्म घेतो. त्या अर्जांवर कारण लिहिलंय, वाहनाची सोय नाही."

"ते अर्ज फायलीतून काढा," सर म्हणाले. "आणि मला असल्या अडचणी दाखवत जा. तुमच्यात प्रशासन आहे."

मी ते काढले. नऊ वर्षांत माझी कुणी स्तुती केल्याची ती पहिलीच वेळ होती.

समिती जानेवारीत आली. तिघेजण होते. अध्यक्ष ओडिशाचे एक निवृत्त कुलगुरू, महापात्र म्हणून. पांढऱ्या केसांचे, मृदू बोलणारे. ते बोलायचे हिंदीत, मी इथं मराठीत सांगतो. मुलींनी नऊवार नेसून त्यांना ओवाळलं, लेझीम झालं, काजूबदाम झाले. दुपारी तोडकर सरांनी पडद्यावर चित्रं दाखवत कॉलेजची गाथा ऐकवली. बाकीचे दोघे पेंगत होते. बसचं पान आलं तसे महापात्र सर पुढे सरकून बसले.

"ही बस अजून चालते?"

"रोज, सर. अखंड."

"माझी आई शाळेला नदी पोहून जायची," महापात्र म्हणाले. "मी चाळीस-पन्नास कॉलेजं पाहिली. सगळीकडे झाडं लावतात. मुलींसाठी बस कुणी आणलेली पाहिली नाही. उद्या सकाळी मी त्या गावाला जाईन आणि मुलींबरोबर त्याच बसनं कॉलेजात येईन. फार त्रास नसेल तर."

"त्रास कसला सर," तोडकर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम मी पहिल्यांदा पाहिला.

दहा मिनिटांत आम्ही त्यांच्या केबिनमध्ये होतो. मला वाटलं, आता माझी हजेरी घेतली जाणार. पण अशा वेळीच प्राचार्य आणि मास्तर यांतला फरक कळतो. तोडकर सरांनी फोन उचलून डेपोत लावला आणि लग्नाचं वऱ्हाड न्यायला म्हणून सकाळची एक एसटी प्रासंगिक करारावर ठरवली. नवरा कोण, नवरी कोण असं तिकडून विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "घरचंच कार्य आहे." चित्रकलेच्या मास्तरांना 'घेरेवाडी–नाझरगाव' अशी पाटी रंगवायला बसवलं. मग माझ्याकडे वळले.

"गाडी झाली. आता मुली. तुम्ही आत्ता घेरेवाडीला जा."

मी मोटारसायकलवर निघालो. अकरा सह्यांपैकी कॉलेजात आता चारच उरल्या होत्या. बाकी सात जणींची लग्नं झाली होती किंवा त्या द्राक्षाच्या बागेत कामाला जात होत्या. उरलेल्या चारांत सुवर्णा ऐवळे होती, बी.ए. भाग तीनची. अर्जाचं अक्षर तिचंच होतं, हे मी तिच्या उत्तरपत्रिकांवरून ओळखलं होतं. एका तासाच्या हजेरीवर ती दोन्ही वर्षं पहिल्या वर्गात आली होती.

ती अंगणात शेळीला पाला घालत होती. तिची आई अंगणवाडीत मदतनीस, ती चुलीपुढून उठून आली. सुवर्णाचे वडील बाजेवर बसले होते. मी येण्याचं कारण सांगितलं. म्हणजे थोडंसं सांगितलं.

"उद्या सकाळी सव्वासहाला बस येणार आहे. तुम्ही चौघी आणि अजून कुणी कॉलेजच्या असतील त्या, सगळ्या थांबा. बाहेरगावचे मोठे सर येणार आहेत."

सुवर्णाच्या हातातला पाला तसाच राहिला. "सर, बस सुरू झाली?"

"उद्या येणार आहे," मी म्हणालो. हे वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं. मी ते मोटारसायकलवर तयार केलं होतं.

"आम्ही अर्ज दिलता, त्यामुळं?"

"अर्जाचा उपयोग झाला," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

"बघा आप्पा," ती वडिलांना म्हणाली, "तुमी म्हणत हुता, कोण वाचतंय तुमचा कागूद."

आप्पांनी मला बाजेवर जागा करून दिली. "सर, एक सांगतो," ते म्हणाले. "ह्या पोरीनं डोक्यात घेतलंय, पदवी झाली की अंगणवाडीच्या सुपरवायझरची परीक्षा द्यायची. हिची आय मदतनीस, अन् ही सुपरवायझर. आता मला बी ते बरं वाटतंय. पर पाव्हणं दारात येत्यात. मी त्यास्नी सांगितलंय, एप्रिलात परीक्षा हुतीया, तवर थांबा. ह्या वर्सी पदवी झाली तर ती म्हनंल तसं. न्हाई झाली तर म्या आनिक थांबणार न्हाई. मला धाकट्या दोघी हायत्या."

"होईल की," मी म्हणालो. चहा घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला घेरेवाडीच्या चौकात बस उभी होती आणि बसपुढे चाळीसेक माणसं. निम्मं गाव लोटलं होतं. सरपंचांनी पुढच्या काचेला हार घातला होता आणि कुणीतरी नारळ फोडत होतं. महापात्र सर गाडीतून उतरून भारावून बघत राहिले.

"अडीच वर्षांनंतरसुद्धा हे लोक रोज पूजा करतात?" त्यांनी मला विचारलं.

"श्रद्धाळू लोक आहेत, सर."

ते मुलींमध्ये जाऊन बसले, सुवर्णाच्या शेजारी. तिनं वेणीत फूल माळलं होतं, आणि दप्तरात चारही तासांची पुस्तकं कोंबून आणली होती. हिंदी तिला कळत होतं, बोलताना ती अडखळायची. म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. तोडकर सर मागच्या सीटवर होते. त्यांचं लक्ष माझ्या पाठीवर होतं, हे मला न बघता कळत होतं.

"विचारा तिला," महापात्र म्हणाले, "या बसमुळे तिच्या आयुष्यात काय बदल झाला?"

मी विचारलं. सुवर्णा म्हणाली, "अजून कुठं काय सर, आजच तर बसलीया. पर पहिला तास कसा असतो ते आज बघंन. अडीच वर्षं मी पहिला तास बघितला न्हाई."

"ती म्हणते," मी सांगितलं, "रोज बसते तेव्हा आजच पहिल्यांदा बसतेय असं वाटतं. पहिल्या तासाची तिला फार ओढ आहे."

महापात्र सरांनी चष्मा काढून पुसला. "तिला विचारा, बस नसती तर तिनं काय केलं असतं?"

"मग काय," सुवर्णा म्हणाली, "दहाच्या गाडीनं आले असते, एक तास केला असता. अन् हजेरीमाफीचा अर्ज दिला असता, दर वर्षी देते तसा."

"ती म्हणते, मग शिक्षणच झालं नसतं."

हे मी सांगितलं तेव्हा सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं. हिंदी तिला कळत होतं, हे मी वर सांगितलंच आहे. माझ्या वर्गातली पोरं मास्तर चुकला तर लगेच बोलत नाहीत, मास्तरांचं काहीतरी कारण असेल असं धरून चालतात. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

बस सात दहाला पोचली. त्या दिवशी तिनं चारही तास केले. सगळ्या वर्गांत ती पहिल्या बाकावर होती. तिसरा तास माझा होता. तो संपल्यावर ती टेबलाजवळ आली.

"सर, उद्या बी हीच येळ ना?"

"बघू, डेपोला विचारावं लागेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घेरेवाडीच्या चौकात मुली साडेआठपर्यंत उभ्या होत्या. मग त्या घरी गेल्या आणि दहाच्या गाडीनं आल्या. आठवडाभर त्यांनी असंच केलं, म्हणे. हे मला गेनामामांनी सांगितलं. त्यांची बहीण त्या गावात दिली होती.

निकाल पंधरा दिवसांनी आला. अ श्रेणी. फटाके उडाले, पेढे वाटले, आबासाहेबांची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. अहवालात महापात्र सरांनी ज्ञानवाहिनीवर पाऊण पान लिहिलं होतं आणि राज्यातल्या ग्रामीण कॉलेजांनी हा आदर्श घ्यावा अशी शिफारस केली होती. इतकी मनापासून केलेली शिफारस मी त्यानंतर वाचली नाही. त्याच आठवड्यात माझ्या नेमणुकीचं पत्र आलं. चौथ्यांदा ते खरं झालं होतं. बायकोनं देवापुढे ठेवलं आणि ती रडली. मीही रडलो. त्या रडण्यात फक्त आनंद होता, खोटं कशाला सांगू.

पूर्णवेळ झाल्यावर अंगात थोडा धीर आला. मी तोडकर सरांकडे गेलो.

"सर, आता श्रेणी मिळालीच आहे. डेपोला खरंच एक पत्र देऊया का? घेरेवाडीच्या बससाठी. मी स्वतः घेऊन जातो."

"कुठल्या बससाठी?"

"सकाळच्या."

"ती तर चालू आहे," तोडकर सर म्हणाले. "अडीच वर्षं चालू आहे. अहवालात आहे, आपल्या वेबसाइटवर आहे, परवाच्या पेपरात आहे. चालू असलेली बस सुरू करा म्हणून तुम्ही कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी करणार? उद्या कुणी माहितीच्या अधिकारात ते पत्र मागितलं म्हणजे?"

"मुली येतात कशा मग, सर?"

"धायगुडे, तुम्ही आता कायम झालात. जरा कायम माणसासारखा विचार करत जा."

फेब्रुवारीत हजेरीची यादी लागली. सुवर्णा ऐवळे, एकतीस टक्के. तिनं नेहमीसारखा माफीचा अर्ज दिला. एरवी असले अर्ज हेडक्लार्क गठ्ठ्यानं नेई आणि तोडकर सर चहा पिता पिता सह्या करीत. पण आता आमच्याकडे व्यवस्था आली होती. अ श्रेणीच्या कॉलेजात प्रत्येक अर्ज संबंधित समितीपुढे जायला हवा होता. त्यामुळे विद्यार्थी तक्रार निवारण समितीची बैठक बोलावण्यात आली. अध्यक्ष हजर होते, सचिव हजर होते, दोन सदस्य हजर होते. बिस्किटं होती. समिती स्थापन झाल्यापासून खरोखर भरलेली ही पहिली बैठक होती.

मी अर्ज वाचला. 'कारण: गावाहून सकाळी वाहनाची सोय नाही.'

"हे कारण कसं घेता येईल?" तोडकर सर शांतपणे म्हणाले. "आपलंच इतिवृत्त बघा. सोय झालेली आहे. विद्यापीठात दोन कागद शेजारी ठेवले तर काय दिसेल? नियम असा, की सोय असताना हजेरी नाही, तर माफी नाही. माझा नाइलाज आहे."

"आजारपणाचं कारण लिहून घेऊया का सर?" मी विचारलं. "दाखला मी आणतो डॉक्टरांचा."

"खोटा?" सर म्हणाले. त्यांना खरंच धक्का बसला होता. "आता खोटंनाटं काही नको, धायगुडे. आपण अ श्रेणीत आहोत."

दोन्ही सदस्यांनी माना हलवल्या. त्यांतले एक बिस्किट खात होते. मी सचिव होतो. उठून काही बोलावं असं क्षणभर मनात आलं. सगळ्यांसमोर सांगावं, की बस नव्हती, ती मी लिहिली. पण माझ्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता अजून यायची होती. ती यायला दोन महिने लागणार होते. मी वही उघडली आणि जे ठरलं ते लिहिलं. या वेळी पेन बदलावं लागलं नाही.

निर्णयाचं पत्र मीच टाइप केलं आणि सुवर्णाला बोलावून तिच्या हातात दिलं. ती दारातच उभी राहून वाचत होती. चार ओळींचं पत्र वाचायला तिला फार वेळ लागला. 'आपल्या गावाहून दिनांक १५ सप्टेंबरपासून सकाळी ६.१५ वाजता नियमित बससेवा उपलब्ध असल्याने' या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"सर, मग माझा फॉर्म?"

"घेता येणार नाही यंदा. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी कुठं असणार सर," ती म्हणाली. "आप्पांनी पाव्हण्यास्नी एप्रिल सांगितलाय."

मी टेबलावरचे कागद नीट लावू लागलो. ते आधीच नीट होते.

"हे कुणी लिवलं सर? बस हाय म्हणून?"

"समितीचा निर्णय आहे."

"बस एकच दिवस आलती," सुवर्णा म्हणाली. आवाज चढवून नाही. मला आठवत नसेल आणि मला आठवण करून द्यायला हवी, अशा समजुतीनं ती सांगत होती. "तुमी होता की सर बशीत. माझ्याच म्होरं बसला होता."

मी हो म्हणू शकलो असतो. खोलीत आम्ही दोघंच होतो, ऐकायला कुणी नव्हतं, आणि हो म्हटल्यानं तिला फॉर्मही मिळणार नव्हता. तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

मी तिच्यापुढे आवक-जावकची वही सरकवली आणि पत्र मिळाल्याची सही कुठं करायची ती जागा दाखवली. तिनं तिच्या त्या स्वच्छ अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख टाकली आणि पेन टोपण लावून माझ्या हातात परत दिलं.